रोटो शिकायचं असेल तर पायथनही शिका

"मुलाला व्हीएफएक्समध्ये जायचंय. क्लासवाले वर्षभराचा कोर्स आणि शंभर टक्के नोकरी म्हणतात. भरू का पैसे?" बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न ठरलेला. मी उलट विचारतो, त्या कोर्समध्ये पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आहे का? बहुतेक पालकांना याचं उत्तर माहीत नसतं. काही जण तर म्हणतात, "अहो, त्याला कोडिंग नको म्हणून तर तो इकडे वळतोय!" गफलत होते ती इथेच.

व्हीएफएक्स, म्हणजे दृश्यपरिणाम, म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे स्फोट आणि डायनोसॉर येतात. भारतातल्या स्टुडिओत नवख्याच्या वाट्याला पहिल्यांदा येतं ते बहुधा रोटोचं काम. नट खऱ्या रस्त्यावर चालतोय आणि त्याच्या मागची इमारत पाडून तिथे राजवाडा उभा करायचाय. मग नटाला मागच्या दृश्यापासून सोडवून घ्यावं लागतं. त्याच्या कडेकडेनं बिंदू टाकत एक बंद वक्ररेषा काढायची आणि तो हलेल तशी फ्रेमगणिक ती हलवायची. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला 120 फ्रेम झाल्या. शिवाय एका माणसाला एकच आकृती पुरत नाही. डोकं वेगळं, धड वेगळं, दंड वेगळा, प्रत्येक बोट वेगळं. वाऱ्यावर उडणाऱ्या केसांचं तर विचारूच नका.

ही विद्या जुनी आहे. मॅक्स फ्लायशर यांनी रोटोस्कोपच्या पेटंटसाठी 1915 मध्ये अर्ज केला आणि 1917 मध्ये त्यांना ते मिळालं. चित्रित केलेली फिल्म एकेक फ्रेम काचेवर पाडायची आणि वरून कागदावर गिरवायची, अशी ती रचना होती. आज काचेच्या जागी न्यूक, सिल्हूएट, मोका ही सॉफ्टवेअर आहेत. त्यातलं न्यूक 1990च्या दशकात डिजिटल डोमेन या अमेरिकी स्टुडिओनं स्वतःच्या कामापुरतं बनवलं होतं. 2007 मध्ये ते लंडनच्या फाउंड्री कंपनीकडे आलं आणि आज मोठ्या स्टुडिओत कॉम्पोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एका फ्रेममध्ये बेमालूम जोडणं) म्हणजे न्यूक, असं समीकरण झालंय.

रोटोचं काम आपल्याकडे एवढं वाढलं त्याचं एक कारण म्हणजे थ्रीडीची लाट. 2010 मध्ये 'क्लॅश ऑफ द टायटन्स' हा साधा चित्रित झालेला सिनेमा नंतर थ्रीडी करण्यात आला. ते काम मुंबईत मूळ असलेल्या प्राइम फोकसनं केलं. असं रूपांतर करायचं तर पडद्यावरची प्रत्येक वस्तू रोटो करून वेगळी काढावी लागते, कारण तिची खोली ठरवायची असते. त्या कामाला माणसं लागली, भरपूर लागली. 2014 मध्ये हीच कंपनी लंडनच्या डबल निगेटिव्हबरोबर एकत्र आली. आजचं डीएनईजी ते हेच. 'ड्यून'च्या दृश्यपरिणामांसाठी या स्टुडिओला ऑस्कर मिळालं आहे आणि त्याचं मोठं केंद्र मुंबईत आहे. तेव्हा 'या क्षेत्रात आपल्याला कोण विचारतं' या शंकेत अर्थ नाही. शंका घ्यायची तर ती दुसरीकडे आहे, तिकडे येऊच.

आधी ती वक्ररेषा जवळून बघू, कारण करिअरचा सगळा फरक तिथेच पडतो.

रोटोतली रेषा बहुतेक वेळा बेझिए पद्धतीची असते. फ्रान्समध्ये रेनॉ कंपनीतले पिएर बेझिए आणि सिट्रोएनमधले पॉल द कास्तेल्जो या दोघांनी मोटारींच्या पत्र्याचे बाक नेमके मांडण्यासाठी ही पद्धत स्वतंत्रपणे विकसित केली. रेषेच्या एका तुकड्याला चार बिंदू असतात. दोन टोकाचे आणि दोन मुठी, म्हणजे ज्या ओढल्या की रेषेचा बाक बदलतो त्या. रेषेच्या मध्यावरचा बिंदू काढायचा तर चारही बिंदूंना अनुक्रमे 1, 3, 3, 1 नं गुणायचं, बेरीज करायची आणि 8 नं भागायचं. अकरावीच्या गणितातलं द्विपद प्रमेय आठवतंय? तेच हे सहगुणक.

कागदावर करून बघा. टोकं (0, 0) आणि (100, 0). मुठी (0, 80) आणि (100, 80). मध्यबिंदूचा क्ष येतो 400 भागिले 8, म्हणजे 50. य येतो 480 भागिले 8, म्हणजे 60. मुठी 80 वर नेऊन ठेवल्या तरी रेषा चढते 60 पर्यंतच. हातानं रोटो करणाऱ्या मुलाला हे सवयीनं कळतं. तो मूठ जरा जास्त ओढतो आणि नजरेनं जमवतो. पायथन लिहिणाऱ्याला मात्र ती नेमकी किती ओढायची, हे आधीच काढता येतं. आकृती एक असेल तर दोघांत काही फरक नाही. दोनशे आकृत्या असतील तेव्हा फरक दिसतो.

आता प्रसंग घेऊ. मुलानं चार दिवस खपून शॉट पूर्ण केला. पाचव्या दिवशी निरोप येतो की एडिटमध्ये शॉट आठ फ्रेम आधीपासून घेतलाय, नवी प्लेट, म्हणजे मूळ चित्रीकरण, पाठवतोय. शॉटची सुरुवात पुन्हा 1001 पासूनच मोजायची आहे. (स्टुडिओत शॉटची पहिली फ्रेम 1001 धरायची रीत आहे, म्हणजे पुढेमागे फ्रेम वाढल्या तरी आकडे शून्याखाली जात नाहीत.) मग प्रत्येक आकृतीच्या प्रत्येक बिंदूची प्रत्येक की (ठरावीक फ्रेमवर नोंदलेली जागा) आठ फ्रेम पुढे सरकली पाहिजे. न्यूकमध्ये एका रोटो बिंदूला नुसती एक जागा नसते. मूळ बिंदू, त्याच्या दोन मुठी आणि कड मऊ करणाऱ्या फेदरचा आणखी एक बिंदू व त्याच्या दोन मुठी, अशा सहा गोष्टी असतात आणि सहांनाही वेळेनुसार बदलता येतं. हे सरकवण्याचं काम करणारी पायथन स्क्रिप्ट लिहिताना फेदर विसरलात तर आकृती बरोबर सरकते आणि कडेचा मऊपणा आठ फ्रेम मागे राहतो. बघणाऱ्याला लगेच उमगत नाही. डेलीजमध्ये, म्हणजे झालेल्या कामाच्या रोजच्या पाहणीत, सुपरवायझर 'कड श्वास घेतेय' म्हणून शॉट परत पाठवतो. हे सगळं ध्यानात घेऊन लिहिलेली स्क्रिप्ट पंचवीस-तीस ओळींची होते आणि दोनशे आकृत्या काही सेकंदांत सरकवते.

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. आकृत्या आफ्टर इफेक्ट्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या आहेत आणि त्या न्यूकमध्ये न्यायच्या आहेत. आफ्टर इफेक्ट्स उंची वरून खाली मोजतं, न्यूक खालून वर. म्हणून आकडे जसेच्या तसे नेले की माणूस उलटा लटकतो. मुलं हुशार असतात, 1080 उंचीच्या फ्रेममध्ये य 200 असेल तर 1080 मधून वजा करून 880 करायचा, हे त्यांना पटकन सुचतं. बिंदू जागच्या जागी बसतात आणि तरीही आकृती वेडीवाकडी फुगते. का? कारण आफ्टर इफेक्ट्स मुठींची जागा बिंदूपासूनच्या अंतरात सांगतं. मूठ बिंदूच्या 30 नं वर आहे एवढीच ती नोंद असते. अंतर 1080 मधून वजा करायचं नसतं, त्याचं फक्त चिन्ह बदलायचं. ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या मास्कमध्ये (तिथली रोटोची सोय) मात्र मुठीला तिची स्वतःची जागा असते, तिथे हिशोब पुन्हा वेगळा. हे ज्याला पंधरा मिनिटांत सापडतं, त्या मुलाला स्टुडिओ सोडत नाही. ज्याला सापडत नाही तो बसतो एकेक मूठ हातानं सरळ करत.

आणखी खोलात जायची आवड असेल त्यांच्यासाठी एक. अकरावी-बारावीत मॅट्रिक्सचा गुणाकार शिकवतात आणि मुलं विचारतात, याचा उपयोग काय? ट्रॅकरनं, म्हणजे चित्रातल्या खुणांचा माग काढणाऱ्या अवजारानं, पकडलेली हालचाल रोटोच्या बिंदूंना लावायची ती मॅट्रिक्सनंच. आकृती सरकवणं, फिरवणं, लहानमोठी करणं, तिरकी करणं यात चारही बिंदूंना मॅट्रिक्स लावला की रेषा हुबेहूब जागेवर येते. पर्स्पेक्टिव्ह आलं की मात्र नुसते बिंदू हलवून भागत नाही, मधली रेषा थोडी चुकते. तिथे जास्तीचे बिंदू घालून चूक डोळ्याला दिसणार नाही इतकी कमी करावी लागते. पाइपलाइनच्या नोकरीची मुलाखत मला घ्यायची असती, तर मी हे 'का' एवढंच विचारलं असतं.

पाइपलाइन हा शब्द पालकांनी लक्षात ठेवावा. स्टुडिओत चित्र घडवणारे कलाकार असतात, तशी त्यांच्यासाठी अवजारं बनवणारी, फाइल एका विभागातून दुसऱ्या विभागात सुखरूप नेणारी, रेंडर अडकला की धावणारी माणसंही असतात. त्यांना टीडी म्हणतात, टेक्निकल डायरेक्टर. नाव भारदस्त असलं तरी नव्या मुलालाही ते मिळतं. त्यांची भाषा पायथन, कारण न्यूक, माया, हूडिनी, ब्लेंडर, सिल्हूएट या सगळ्यांत पायथन चालतं. पायथनची कोणती आवृत्ती वापरायची यावर या उद्योगानं दरवर्षी एक सामाईक यादी काढायची पद्धत पाडली आहे. न्यूकनं 2021 मध्ये, तेराव्या आवृत्तीत, पायथन 3 घेतलं तेव्हा जगभरच्या स्टुडिओंना जुन्या स्क्रिप्टा दुरुस्त कराव्या लागल्या. जुन्या पायथनमध्ये 5 भागिले 2 चं उत्तर 2 यायचं, नव्यात 2.5 येतं. बिंदूंचा मध्य काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये अर्ध्या पिक्सेलचा हा फरक कसा गोंधळ घालतो, हे ज्यांनी निस्तरलं त्यांनाच विचारा.

आता ती शंका. एआय हे सगळं गिळणार नाही का?

गिळतंय, काही प्रमाणात. मेटानं 2023 मध्ये चित्रातली वस्तू एका क्लिकवर वेगळी काढणारं मॉडेल खुलं केलं आणि 2024 मध्ये त्याची व्हिडिओवर चालणारी पुढची आवृत्ती आणली. न्यूकमध्येच 2021 पासून कॉपीकॅट आहे. थोड्या फ्रेम तुम्ही करून दाखवायच्या, बाकीच्या ते शिकून करतं. साधा शॉट, स्पष्ट कड, कमी हालचाल असेल तर यंत्राचं काम पुरेसं होतं. वेगामुळे पुसट झालेली हालचाल, केस, धूर, एकमेकांत गुंतलेली माणसं आली की अजून माणूस लागतो. पण नुसतं हातानं रोटो करण्याची मागणी आजच्या एवढीच राहील, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझं मत स्पष्ट आहे. केवळ रोटो शिकवणाऱ्या कोर्सला मोठी फी देणं आज शहाणपणाचं नाही. यंत्रानं दिलेला मॅट, म्हणजे वेगळ्या काढलेल्या वस्तूचा साचा, पिक्सेलचा असतो, त्याची कड फ्रेमगणिक थरथरते आणि सुपरवायझरला हवी असते हातानं सुधारता येईल अशी वक्ररेषा. पिक्सेलची कड घेऊन तिच्यावर मोजक्या बिंदूंची रेषा बसवणं आणि ते बिंदू फ्रेमगणिक जागा बदलणार नाहीत हे बघणं, हे स्क्रिप्टचं काम आहे. म्हणजे एआयमुळे पायथनवाल्याचं काम तूर्त वाढलं आहे.

दुसरी शंका स्थैर्याची आणि पालकांची ही भीती रास्त आहे. 'लाइफ ऑफ पाय'च्या दृश्यपरिणामांना 2013 मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा ते काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीनं काही दिवसांपूर्वीच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्या कंपनीची केंद्रं मुंबई आणि हैदराबादलाही होती. 2023 मध्ये हॉलिवूडमध्ये लेखक आणि नटांचे संप झाले आणि इथल्या स्टुडिओंचं काम आटलं. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्स कंपनी कोसळली आणि तिच्या भारतातल्या केंद्रांमधली हजारो माणसं एकाएकी मोकळी झाली. यात रोटो करणारी होती तशी टीडीही होती, पायथन येत होतं म्हणून कुणी वाचलं नाही. फरक पडतो तो नंतर. रोटोचा अनुभव फक्त दुसऱ्या स्टुडिओतच चालतो. पायथन, थोडं गणित आणि चित्रांवर प्रक्रिया करण्याचा अनुभव असेल तर गेमिंग, वैद्यकीय प्रतिमा, नकाशे, मोटारींचं डिझाइन अशा ठिकाणीही अर्ज करता येतो.

मग शिक्षण कुठलं? एकच रस्ता नाही. मूल गणितात बरं असेल तर संगणकशास्त्राची साधी पदवी, बीएस्सी असो वा अभियांत्रिकी, आणि सोबत न्यूक स्वतः शिकणं, हा मला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. हातात पदवी राहते आणि मन बदललं तर वर्षं वाया जात नाहीत. चित्रकलेचा ओढा जास्त असेल, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत चांगली श्रेणी असेल, तर डिझाइनकडे जा. आयआयटी मुंबईच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही परीक्षा आहे आणि ती बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते. मुंबईत 2025 मध्ये आयआयसीटी ही याच क्षेत्रासाठीची नवी राष्ट्रीय संस्था सुरू झाली आहे. ती नवी असल्यामुळे प्रवेश घेण्याआधी कोण शिकवतंय हे विचारून घ्या. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत संगणकशास्त्र घेतलेल्यांना पायथन शाळेतच भेटतं. आपल्या राज्य मंडळाच्या मुलांनी त्यामुळे मागे पडल्यासारखं वाटून घेऊ नये, मन लावलं तर एका सुट्टीत भरून निघण्यासारखं ते अंतर आहे.

खासगी संस्थेत जायचंच असेल तर तिथल्या माजी विद्यार्थ्यांची शोरील, म्हणजे त्यांच्या कामाच्या नमुन्यांची चित्रफीत, मागा, संस्थेनं बनवलेली जाहिरातीची रील नको. 'हमखास नोकरी' कागदावर लिहून देता का, विचारा. नोकरीसोबत बाँड आहे का, किती वर्षांचा, मधेच सोडलं तर किती रक्कम भरावी लागेल, हे सही करण्याआधी वाचा. सुरुवातीचा पगार कमी असतो आणि डिलिव्हरी जवळ आली की रात्री उशीर होतो. घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहून हे जमेल का, याचा हिशोब आईवडिलांनी मुलाला सोबत बसवून करावा.

यातलं काहीही करण्याआधी घरी एक महिना काढा. महागडा संगणक घेऊ नका, घरातला बरा लॅपटॉप पुरे. ब्लेंडर फुकट आहे. न्यूकची अव्यावसायिक आवृत्तीही फुकट मिळते. तिच्यावर मर्यादा आहेत, मोठ्या आकाराचं चित्र बाहेर काढता येत नाही, पण शिकायला भरपूर होते. मोबाइलवर चार सेकंदांचं चित्रीकरण करा. आजी चहाचा कप उचलतेय, एवढंही पुरतं. हात आणि कप वेगवेगळ्या आकृत्यांत रोटो करा, ब्लेंडरच्या मास्कमध्ये. मग पायथननं एकेक फ्रेम पुढे नेत प्रत्येक बिंदूची आणि मुठींची जागा वाचा आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा. दुसरी स्क्रिप्ट ती फाइल उचलून न्यूकमध्ये तीच आकृती उभी करेल. पहिल्या खेपेला आकृती भलत्याच जागी, भलत्याच आकाराची येईल. ब्लेंडर मास्कचे बिंदू पिक्सेलमध्ये मोजत नाही, ते शोधून काढणं हाच अभ्यास. दोन्हीकडच्या फ्रेमचे आकडेही जुळणार नाहीत. हे सगळं दुरुस्त करून आजीच्या हाताची कड दोन्हीकडे एकसारखी आली, तर तो शॉट आणि त्या दोन स्क्रिप्टा शोरीलमध्ये ठेवण्याच्या लायकीच्या आहेत.

पालकांनी या महिन्यात शिकवू नये आणि हिणवूही नये, फक्त बघावं. पहिला आठवडा उत्साहाचा असतो, त्याला किंमत नाही. आकृती फुगली, स्क्रिप्टनं लाल अक्षरात चूक दाखवली, त्यानंतर मूल पुन्हा लॅपटॉप उघडतं का, ते पाहा. उघडलं, तर त्याला या क्षेत्रात जाऊ द्या आणि पदवी मात्र सोडू देऊ नका. नाही उघडलं, तर क्लासची फी भरू नका.